जुन्या मिनिबाइकांवरील एंजिन तिरपें कां ?

(१) विषयप्रवेश

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं पोथ्या, बखरी, सनदा, नाणीं व शिलालेख आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु ज्या ज्या वस्तूवर कर्त्याच्या हाताची व तत्कालीन गरजेची खूण उमटून राहिली आहे, ती ती वस्तु साधनच होय. मग ती ताम्रपटाप्रमाणें बोलकी असो अथवा यंत्राप्रमाणें मुकी असो. जुन्या यंत्रांचा संग्रह करणारे रसिक आतां देशोदेशीं आहेत, आणि त्यांच्या संग्रहांत मिनिबाइक नांवाच्या ठेंगण्या मोटार-दुचाकीस मानाचें स्थान मिळालें आहे. लहान चाकें, जमिनीलगतची बैठक, नळ्या वांकवून केलेला साधा सांगाडा आणि त्यांत बसविलेलें एका सिलिंडरचें छोटें एंजिन, एवढेंच या वाहनाचें भांडवल. तें न्याहाळणाऱ्यास एक गोष्ट हटकून खटकते. ती ही कीं, पुष्कळ जुन्या मिनिबाइकांत एंजिन सरळ उभें नसून पुढें अथवा मागें कललेलें, किंवा अगदीं आडवें निजलेलें असतें.

हा कल मूळ कर्त्याचा कीं मागाहून कोणी केलेला ? मूळचा असल्यास तो हौसेचा कीं गरजेचा ? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे. आमचा निष्कर्ष आरंभींच सांगतों. हा कल म्हणजे जागा, तेल व पेट्रोल या तिघांच्या भांडणांत कर्त्यानें घडवून आणलेली तडजोड होय. तडजोडीचा हा लेख वाचतां आला तर यंत्राचें कुळ कळतें. आणि तो न वाचतां कोणी 'सुधारला' तर एक पुरावा कायमचा नष्ट होतो.

(२) कलाचे तीन प्रकार

प्रथम एक भेद ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. कारण तो न केल्यामुळेंच या विषयावरील चर्चा बहुधा घोटाळ्यांत पडते.

कित्येक एंजिनांत तळ समतल असून केवळ सिलिंडर तिरपा ओतलेला असतो. या पहिल्या प्रकारास आम्ही 'जातिकल' म्हणूं. होंडा कंपनीनें १९८३ सालीं बाजारांत आणलेलीं जीएक्स मालिकेचीं एंजिनें याचें उत्तम उदाहरण होय. त्यांचा सिलिंडर २५ अंशांनीं कललेला आहे. दुसऱ्या प्रकारांत एंजिन उभें म्हणूनच घडविलेलें असतें, परंतु तें ज्या पत्र्यावर बसवितात तो पत्राच सांगाड्यांत तिरपा जोडलेला असतो. हा 'आसनकल' होय. तिसऱ्या प्रकारांत सिलिंडर जमिनीस जवळजवळ समांतर असतो; त्यास 'शयन' म्हणावयास हरकत नाहीं.

पहिला व तिसरा प्रकार एंजिन घडविणाराचा. दुसरा गाडी जोडणाराचा. पोथींतील मूळ ग्रंथकार व प्रत उतरून घेणारा लेखनिक यांत जो भेद, तोच हा भेद होय.

(३) पूर्वपीठिका

दुचाकीच्या सांगाड्यांत एंजिन कोठें व कसें बसवावें, हा प्रश्न मिनिबाइकेहून फार जुना आहे. पॅरिस येथें व्यवसाय करणाऱ्या मिशेल व यूजीन वर्नर या मूळच्या रशियन बंधूंनीं १८९७ सालीं आपल्या गाडीचें एंजिन पुढल्या चाकाच्या वर ठेविलें. भार उंच व पुढें गेल्यामुळें ओल्या रस्त्यावर ती गाडी सहज घसरे. १९०१ सालीं त्यांनीं तें खालीं आणून दोन चाकांच्या मध्यें, पेडलांच्या आंसापाशीं उभें बसविलें. भार खालीं व मध्यभागीं असावा हा धडा तेव्हांपासून दुचाकी घडविणारांच्या अंगवळणीं पडला.

परंतु सायकलीच्या सांगाड्यांत उभ्या एंजिनास जागा सांपडणें सोपें नव्हतें. बेल्जमच्या मिनर्व्हा कंपनीनें आपलें लहान एंजिन सायकलीच्या पुढल्या तिरप्या नळीसच अडकविण्याजोगें केलें. इंग्लंडांतील ट्रायम्फ कंपनीनें १९०२ सालीं आपली जी पहिली मोटारसायकल काढली, तिच्यावर हेंच एंजिन होतें. नळी तिरपी म्हणून एंजिनहि तिरपें, इतकें हें कारण सरळ आहे. यॉर्कशरमधील क्लेकहीटन गांवच्या फेलन अँड मूर या कंपनीनें त्याहि पुढें पाऊल टाकिलें. त्यांनीं पुढली नळीच काढून टाकिली व तिच्या जागीं पुढें कललेलें एंजिनच सांगाड्याचा एक अवयव म्हणून योजिलें. सांगाड्याचा ताण एंजिनानेंच वाहावयाचा असल्यामुळें त्याचा कल नळीच्या कलाइतकाच असणें प्राप्त होतें. ही रचना कंपनीनें पुढें 'पँथर' या नांवाच्या गाड्यांवर १९६० नंतरहि चालू ठेविली. म्हणजे तिरपें एंजिन हा मिनिबाइकेचा शोध नव्हे. तो तिला मिळालेला वारसा आहे.

(४) पेटींत मावणारी गाडी : वेलबाइक

लहानपणामुळें एंजिनास निजावें लागल्याचें ठळक उदाहरण दुसऱ्या महायुद्धांतील 'वेलबाइक' हें होय. इंग्लंडांतील वेल्विन गांवाजवळ गुप्त युद्धकार्यासाठीं जें संशोधनकेंद्र होतें, तेथें १९४२ सालीं तिची आखणी झाली व बर्मिंगहॅमच्या एक्सेल्सियर कंपनीनें ती बनविली. विमानांतून पॅराशूटनें टाकावयाच्या पेटींत ही गाडी मावली पाहिजे अशी अट होती. ती पेटी सुमारें ५१ इंच लांब, १५ इंच उंच व १२ इंच रुंद. गाडीचें वजन अवघें ३२ किलोच्या सुमारास. हँडल व बैठक घडी करून खालीं घेतां येत.

१५ इंचांच्या उंचींत जमिनीपासूनचें अंतर, क्रँकशाफ्टची पेटी, तिच्यावर उभा सिलिंडर आणि त्याच्याहि वर प्लग, अशी चळत रचणें दुरापास्त होतें. म्हणून व्हिलियर्स कंपनीचें ९८ घनसेंटिमीटरचें, आडव्या सिलिंडरचें एंजिन निवडण्यांत आलें. पेडलें असलेल्या हलक्या मोटारसायकलींवर हें एंजिन पूर्वीपासूनच वापरांत होतें. म्हणजे येथें गाडी जोडणारानें एंजिन निजविलें नाहीं, तर निजतें एंजिन पाहून तें घेतलें.

या निवडीची किंमत मात्र दुसरीकडे द्यावी लागली. सर्वच मांडणी ठेंगणी झाल्यामुळें पेट्रोलची टाकी कार्ब्युरेटरच्या खालच्या पातळीस आली. पाणी जसें उतारानें वाहतें तसें पेट्रोल वरच्या टाकींतून आपोआप कार्ब्युरेटरांत उतरावें, ही नित्याची सोय येथें उरली नाहीं. म्हणून हातपंपानें टाकींत हवेचा दाब भरून मगच गाडी चालू करावी लागे. उंचींत मिळविलेले चार इंच असे दुसऱ्या खात्यावर खर्ची पडतात. यंत्ररचनेंत फुकट कांहींच मिळत नाहीं, याचा हा दाखला होय.

युद्धानंतर याच कल्पनेवर साउथपोर्ट येथील ब्रॉकहाउस कंपनीनें 'कॉर्गी' नांवाची गाडी नागरिकांसाठीं काढली व ती १९५४ पर्यंत निघत होती. तिचेंहि एंजिन ९८ घनसेंटिमीटरचेंच होतें.

(५) अमेरिकेंतील मिनिबाइक

मिनिबाइक हें नांव ज्या वाहनास रूढ झालें तें मुख्यत्वें अमेरिकेंतील. तेथें १९४६ ते १९४८ या काळांत आयोवा राज्यांतील वेबस्टर सिटी येथें 'डूडलबग' नांवाची एक लहान स्कूटर निघाली. तिच्यावर बहुधा ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचें दीड अश्वशक्तीचें एंजिन असे. मोटार-शर्यतींच्या मैदानांवर सामान नेण्याआणण्यासाठीं अशा छोट्या गाड्या वापरण्याची पद्धत पडली. आणि १९६० नंतरच्या दशकांत अनेक कारखान्यांनीं मुलांसाठीं व हौशी लोकांसाठीं मिनिबाइका मोठ्या संख्येनें काढल्या.

या गाड्यांचें मर्म असें कीं, त्यांतील बहुतेकांचें एंजिन गाडीसाठीं घडविलेलेंच नव्हतें. हिरवळ कापण्याचीं यंत्रें, पाण्याचे पंप, शेतांतील लहानसहान अवजारें यांसाठीं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, टेकम्सी इत्यादि कंपन्या जीं स्वस्त एंजिनें करीत, तींच आणून सांगाड्यांत बसवीत. अशा एंजिनाचा तळ सपाट, क्रँकशाफ्ट आडवा, त्याच्या एका टोकास फ्लायव्हील व दोरी ओढून चालू करण्याची चकती, दुसऱ्या टोकास क्लच, सिलिंडर उभा. सपाट जमिनीवर अगर बांकावर तें उत्तम बसे. परंतु मिनिबाइकेच्या सांगाड्यांत सपाट जागाच थोडी. मागें चाक, वर बैठक, पुढें हँडलाच्या नळीकडे चढत जाणाऱ्या तिरप्या नळ्या व त्यांपुढें डावीउजवीकडे वळणारें पुढलें चाक. या चौकटींत उंच खांबासारखें एंजिन घालावयाचें म्हणजे एक तर बैठक वर न्यावी, नाहीं तर चाकें लांब करावीं, नाहीं तर एंजिन कलवावें. तिसरा उपाय सर्वांत स्वस्त. तिरप्या नळ्यांवर पत्रा जोडला कीं काम झालें.

कलाची दिशाहि निरर्थक नसते. एंजिनाचें डोकें पुढें कलविलें तर बैठकीखालीं जागा सुटते. मागें कलविलें तर पुढल्या चाकास मोकळीक मिळते. लाभ किती होतो याचा हिशेब त्रिकोणमितीनें सहज मांडतां येईल. क्रँकशाफ्टच्या मध्यापासून प्लगच्या टोकापर्यंत ३०० मिलिमीटर अंतर आहे असें समजूं. २५ अंशांचा कल दिल्यास उंची सुमारें २७२ मिलिमीटर होते; म्हणजे २८ मिलिमीटर वांचतात, पण डोकें सुमारें १२७ मिलिमीटर बाजूस सरकतें. ४५ अंशांस उंची व बाजूचें सरकणें दोन्ही २१२ मिलिमीटर होतात. येथें सिलिंडरची जाडी हिशेबांत धरलेली नाहीं. ती धरल्यास लाभ आणखी घटतो. तात्पर्य, थोड्या कलानें उंची थोडीच वांचते, पण डोकें मात्र बरेंच हलतें. बैठकीच्या नळीला नेमका प्लग आडवा येत असेल तर हें सरकणेंच अधिक उपयोगाचें ठरतें.

सांखळीचाहि येथें संबंध येतो. क्लचपासून मागल्या चाकापर्यंत जाणारी सांखळी ताणण्यासाठीं पत्र्यास लांबट भोंकें ठेवून एंजिन पुढें सरकवितात. पत्रा तिरपा असेल तर एंजिन सरकतांना वरखालींहि होतें, आणि तें त्या कलानें मावतें कीं नाहीं हें कर्त्यास आधींच पाहून ठेवावें लागे.

(६) तेलाची मर्यादा

मग एंजिन वाटेल तितकें कां कलवूं नये ? याचें उत्तर तेलांत आहे. वर वर्णिलेल्या चार-ठोकी एंजिनांत तेल खेळविणारा पंप बहुधा नसतो. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकास एक लहानशी पळी असते. क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यागणिक ती तळच्या तेलांत बुडून तेल चहूंकडे उडविते व त्या शिंतोड्यांवर एंजिनाचे प्राण अवलंबून असतात. मिनिटास ३,६०० फेरे होत असतील तर पळी सेकंदास ६० वेळां बुडते.

आतां एंजिन कलवून पाहावें. पळीची कमाल खोली नेहमीं सिलिंडरच्या अक्षाच्या उलट दिशेस असते. तेल मात्र पृथ्वीच्या ओढीप्रमाणें सर्वांत खोल कोपऱ्यांत साचतें. उभ्या एंजिनांत या दोन दिशा एकच. कललेल्या एंजिनांत त्या एकमेकींपासून फांकतात. कल फार झाला कीं पळी तेलावरून कोरडीच फिरूं लागते. उलट पक्षीं तेल घालण्याचें भोंक ज्या बाजूस आहे ती बाजू वर गेली, तर कांठोकांठ भरतांना तेल प्रमाणाबाहेर जातें, व तें सिलिंडरांत चढून निळसर धूर होऊं लागतो. भोंकाची बाजू खालीं गेली तर पुरेसें तेल भरण्यापूर्वींच तें सांडतें. त्यांत रस्त्याच्या चढउताराची भर पडते. एंजिन १५ अंश पुढें कललेलें असेल व गाडी १० अंशांच्या उतारावर असेल, तर तेलाच्या दृष्टीनें कल २५ अंशांचा होतो.

पेट्रोलचीहि हीच कथा. ज्या कार्ब्युरेटरांत तरंगी असते, तो कलला कीं पातळी बिघडते व मिश्रण पातळ किंवा दाट होतें. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या कित्येक लहान एंजिनांत कार्ब्युरेटर टाकीच्या माथ्यावरच बसविलेला असून नळीनें पेट्रोल वर ओढून घेतो; तेथें टाकी कलल्यास शेवटचें पेट्रोल नळीच्या तोंडापर्यंत पोहोंचतच नाहीं. म्हणून जाणता कारागीर एंजिन तिरपें बसविल्यावर कार्ब्युरेटर व एंजिन यांमध्यें वांकडा जोड घालून कार्ब्युरेटर पुन्हां सरळ करी. एकाद्या जुन्या गाडींत असा वांकडा जोड आढळला तर तो कल विचारपूर्वक दिलेला होता याची ती साक्ष समजावी.

दोन-ठोकी एंजिनांस हें बंधन फारसें नाहीं. त्यांचें तेल पेट्रोलांतच मिसळलेलें असतें. तळाशीं तेलाचा सांठा ठेवावा लागत नाहीं. म्हणून व्हिलियर्सचें एंजिन सुखानें आडवें निजूं शकलें. लांकूड तोडण्याच्या करवतीचें दोन-ठोकी एंजिन तर हातांत कसेंहि फिरविलें तरी चालतें. कारण त्याच्या कार्ब्युरेटरांत तरंगीऐवजीं लवचिक पडदा असतो.

(७) चार-ठोकी एंजिनाचें शयन : होंडा

चार-ठोकी एंजिन आडवें होतच नाहीं, असा मात्र याचा अर्थ नव्हे. आरंभापासून तशीच आखणी केली तर तें शक्य होतें. होंडा कंपनीनें १९५८ सालीं काढलेल्या 'सुपर कब' या गाडीचें ४९ घनसेंटिमीटरचें एंजिन चार-ठोकी असून त्याचा सिलिंडर जवळजवळ आडवा आहे. त्यामुळें बैठकीपुढचा सांगाडा खालीं घेतां आला व साध्या पोशाखांत कोणासहि गाडीवर पाय टाकून बसतां येऊं लागलें. शिवाय सिलिंडरचें डोकें सरळ वाऱ्याच्या तोंडीं आल्यानें तें थंड राहण्यास मदत झाली. १९६१ सालीं तोक्योजवळच्या तामा टेक नांवाच्या क्रीडोद्यानांत मुलांच्या करमणुकीसाठीं याच घराण्याचें एंजिन घालून एक चिमुकली गाडी केली गेली. तीच पुढें 'मंकी' या नांवानें जगप्रसिद्ध झाली. ५ इंची चाकांवरच्या त्या गाडींत उभें एंजिन कोठें मावणार होतें ?

(८) दोन प्रचलित समजुती

तिरप्या एंजिनाविषयीं दोन समजुती वारंवार ऐकूं येतात. पहिली ही कीं, कलामुळें गाडीस वेग अधिक येतो. यास आधार नाहीं. दट्ट्यास ढकलणारा वायूचा दाब सिलिंडरच्या अक्षांतच काम करतो. तो अक्ष कोणत्या दिशेस आहे याच्याशीं शक्तीचें कर्तव्य नाहीं. फरक पडतो तो थरथरीच्या दिशेंत. दट्ट्याच्या येरझारांचा हिसका अक्षाच्या दिशेनें बसतो. उभ्या एंजिनांत तो वरखालीं, तर कललेल्यांत कांहीं अंशीं पुढेंमागें जातो.

दुसरी समजूत अशी कीं, निजलेल्या सिलिंडरांत दट्ट्याच्या भारानें खालची बाजू लौकर झिजते. दट्ट्याचें वजन वायूच्या दाबापुढें अत्यल्प आहे. शयनप्रकारच्या 'सुपर कब' गाड्यांचें एकूण उत्पादन २०१७ सालीं दहा कोटींवर गेलें. त्या सिलिंडरांत हा दोष भयंकर असता तर इतकें आयुष्य त्या रचनेस लाभलें नसतें.

(९) संग्राहकांस विनंति

आतां या विवेचनाचा उपयोग सांगतों. जुनी मिनिबाइक हातीं येते तेव्हां तिचें मूळ एंजिन पुष्कळदां गेलेलें असतें. नवें एंजिन बसवितांना तिरपा पत्रा गैरसोयीचा वाटतो, व तो कापून सपाट करण्याचा मोह होतो. आजकाल सुलभ असलेलीं एंजिनें बहुधा २५ अंशांच्या जातिकलाचीं असतात. तीं मूळच्या आसनकलावर ठेविलीं तर दोन कलांची बेरीज होऊन सिलिंडर अधिकच झुकतो व तेलाची पातळी बिघडते. दुरुस्ती करणारास येथें दोष देतां येत नाहीं. त्यास गाडी चालवावयाची असते. परंतु पत्रा कापला कीं मूळ कर्त्यानें कोणतें एंजिन योजिलें होतें, त्यास कोठें अडचण आली व ती त्यानें कशी निवारिली, हें सांगणारा एकुलता एक साक्षीदार जातो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं आरंभून १९६६ सालीं पुरी केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति वाचकांच्या परिचयाची आहे. त्या कार्यांत एक तत्त्व पदोपदीं उपयोगी पडलें: दोन पाठांपैकीं जो कठीण व अपरिचित, तोच बहुधा जुना, कारण लेखनिक कठिणाचें सोपें करतो, सोप्याचें कठीण करीत नाहीं. तिरपा पत्रा हा असाच कठीण पाठ होय. सरळ पत्रा मागाहून कोणीहि करील. तिरपा कोणी उगाच करीत नाहीं.

म्हणून आमची विनंति एवढीच कीं, गाडीस हात लावण्यापूर्वीं चार नोंदी कराव्या. गाडी समतल भूमीवर ठेवून पत्र्याचा कल मोजावा. सिलिंडरचा कल निराळा मोजावा व दोहोंतील फरकावरून जातिकल व आसनकल वेगळे काढावे. पत्र्यावरील भोंकांचीं अंतरें टिपून घ्यावीं. तीं एंजिनाच्या मूळ जातीचा पत्ता देतात. आणि पत्र्याच्या कडेवरील जोड न्याहाळून तो सांगाड्याच्या इतर जोडांच्याच हाताचा आहे कीं नाहीं, व रंगाचे थर दोहींकडे सारखे आहेत कीं नाहींत, हें पाहावें. चालविण्यासाठीं सपाट पत्रा हवाच असेल तर तो मूळ पत्र्यावर पाचर देऊन बोल्टांनीं बसवावा. म्हणजे पुढील अभ्यासकास तो काढून खालचा पाठ वाचतां येईल. समासांत आपला पाठ लिहावा, मूळ अक्षर खोडूं नये, ही पोथ्यांची जुनी शिस्त यंत्रांसहि लागू आहे. इत्यलम्.